लाटेवर बाण, चित्रात बाण

एक राजा होता. तो लाकडाच्या गोल ओंडक्यावर डोकं ठेवून झोपायचा. झोप जरा गाढ लागली, की ओंडका गडगडायचा आणि महाराज खडबडून जागे! चीनमध्ये ही गोष्ट हजार वर्षं सांगितली जातेय. राजाचं नाव छ्येन ल्यू, राज्याचं नाव वू-युए. ही सगळी खटपट परीक्षेसाठी नव्हती बरं का. राज्य छोटं, शेजारी दांडगे आणि कोण कधी चालून येईल याचा नेम नाही. अशा राजाला निवांत झोप कुठली?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्याचे. सूतगिरणी चौकातून शाळेत जातो, संध्याकाळी विभागीय क्रीडा संकुलात पळायला जातो. आमचा या ओंडकेवाल्या राजाशी काय संबंध?

सांगतो. तुमचं शहर ज्या काळात जन्मलं, त्या काळात इथल्या राज्यकर्त्यांचीही अशीच झोप उडालेली होती.

चीनमध्ये थांग घराण्याचं प्रचंड साम्राज्य होतं. ते ९०७ साली कोसळलं. पुढच्या ५३ वर्षांत उत्तरेला एकामागून एक पाच राजघराणी आली आणि गेली. बाकी मुलुखात, मुख्यतः दक्षिणेत, दहा छोटी राज्यं उभी राहिली. इतिहासकार या काळाला ‘पाच घराणी, दहा राज्यं’ म्हणतात. वू-युए हे त्या दहांतलं एक. समुद्रकाठचं, हांगचौ या राजधानीचं.

आपल्याकडे थांगांच्या जागी बहामनी राज्य ठेवा. हे राज्य १३४७ साली दौलताबादेत सुरू झालं, म्हणजे आपल्या अंगणातच. पुढे राजधानी गुलबर्ग्याला गेली, मग बीदरला. राज्याचा कारभार महमूद गावान नावाचा हुशार वजीर बघायचा. त्यानं बीदरमध्ये बांधलेल्या मदरशाचे अवशेष आजही उभे आहेत. दरबारातल्या काही सरदारांना तो नको होता. त्यांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानानं नीट चौकशी न करता १४८१ मध्ये त्याला मारून टाकलं. एका खोट्या पत्रानं राज्य बुडतं असं नाही, आतून पोखरलेलं असेल तरच बुडतं. बहामनी राज्य पोखरलेलं होतंच. काही वर्षांत त्याची पाच राज्यं झाली: वऱ्हाडात इमादशाही, बीदरला बरीदशाही, विजापूरला आदिलशाही, गोवळकोंड्याला कुतुबशाही आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाही.

इथं एक गल्लत टाळा. हा निजाम म्हणजे हैदराबादचा निजाम नव्हे. तो दोनशेहून जास्त वर्षांनी, १७२४ नंतर आला. आपली निजामशाही १४९० ची. तिचा संस्थापक मलिक अहमद. त्याचे वडील मूळ परभणीकडच्या पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबातले, असं जुने इतिहासकार लिहितात. म्हणूनच की काय, पुढे निजामशहांनी पाथरीसाठी इमादशाहीशी लढाया केल्या! आणि इमादशाहीचा संस्थापक? तो जन्मानं कानडी. कुतुबशाहीचा पहिला सुलतान इराणहून आलेला. मोठं राज्य फुटलं की कुठली माणसं कुठं जाऊन पोचतात बघा.

पण सगळ्यांत लांबून आलेला माणूस अजून यायचाय.

त्याचं लहानपणीचं नाव चापू. जन्म आफ्रिकेतल्या इथिओपियात, साधारण १५४८ मध्ये. लहान असतानाच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे. बगदादच्या मालकानं त्याला लिहायला, हिशेबाला, कारभाराला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. तिथून समुद्रमार्गे तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. (मंगोलियाचा चंगेजखान वेगळा! हा स्वतःच आफ्रिकेतून आलेला, एकेकाळचा गुलाम होता.) राज्य कसं चालवतात हे अंबर या चंगेजखानाच्या पाठीशी उभं राहून शिकला. चंगेजखान वारला आणि अंबर गुलामीतून सुटला. मग हळूहळू घोडेस्वार जमवत, लढत, तो सरदार झाला, मलिक अंबर झाला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. चांदबीबीनं तो आधी शर्थीनं राखला होता, पण आता ती नव्हती. निजामशाही संपली, असं दिल्ली-आग्र्याला वाटलं. अंबरनं राजघराण्यातल्या एका मुलाला परांड्याच्या किल्ल्यात नेऊन गादीवर बसवलं आणि जाहीर केलं: राज्य चालू आहे. राजधानी फिरती झाली. परांडा, जुन्नर आणि १६१० मध्ये दौलताबाद. दौलताबादच्या किल्ल्यावर हल्ला परतवणं सोपं, पण मोठी वस्ती करायला जागा हवी. ती त्यानं जवळच्या खडकी नावाच्या गावात शोधली आणि तिथं शहर वसवलं.

ती खडकी म्हणजेच आपलं शहर! भडकल दरवाजा तुम्ही पाहिला असेल. तो अंबरनं १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. आजही शहरातल्या दरवाजांत तोच सगळ्यांत मोठा. गारखेडा तेव्हा शहराच्या पार बाहेरचं खेडं. शहराची तटबंदी तर नंतरची, औरंगजेबाच्या काळातली.

शहर म्हटलं की पहिला प्रश्न पाणी. खाली काळा कातळ, नदी म्हणजे खाम. पावसाळ्यात भरून वाहणारी, उन्हाळ्यात गप्प. हजारो माणसं, घोडे, हत्ती. एका हत्तीलाच दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं! विहिरी पुरणार कशा?

उत्तरेकडे बघा, हर्सूलकडे. तिकडे डोंगर आहेत. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट. हा दगड स्वतः पाणी पीत नाही. पण त्याला भेगा असतात, आणि वरचा थर झिजून मुरूम झालेला असतो. पावसाचं पाणी त्या मुरमात आणि भेगांत मुरून राहतं. वर जमीन कोरडीठाक, खाली मात्र ओल. अंबरच्या कारागिरांनी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली बांधीव पाट खणला, काही ठिकाणी माणूस आत उतरू शकेल एवढा. भोवतालचं पाणी त्यात झिरपायला लागलं आणि उतारावरून शहराकडे निघालं. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. हीच नहर-ए-अंबरी.

इराणमध्ये अशा भुयारी पाटांची परंपरा फार जुनी आहे. बीदरलाही तसे पाट आहेत, बऱ्हाणपूरलाही आहेत, अहमदनगरला तर निजामशहांनी कितीतरी नहरी आणल्या होत्या. तेव्हा ही युक्ती अंबरनं शोधली असं नाही. पण खडकीच्या दगडात ती बसवून दाखवणं हे सोपं काम नव्हतं.

अवघड काय होतं? पहिलं म्हणजे उतार. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावतं आणि पाटाच्या भिंती खरवडून काढतं. कमी झाला तर पाणी रेंगाळतं, गाळ खाली बसतो आणि पाट बुजतो. म्हणजे मैलोगणती अंतर, मधे उंचसखल जमीन, आणि उतार मात्र बेताचा, सगळीकडे जवळपास सारखा ठेवायचा. तोही जमिनीच्या खाली, अंधारात! दुर्बीण लावलेली मोजणीची यंत्रं तेव्हा कुठं होती?

शहराजवळ आलं की पाणी खापरी नळांत शिरायचं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक बसवलेले, सांधे चुन्यानं लिंपलेले. आता गंमत सुरू होते. उघड्या पाटातलं पाणी फक्त उताराकडे जातं. बंद नळातलं पाणी मात्र खोलगटात उतरून पुन्हा चढावर चढू शकतं. अट एकच: जिथून निघालं त्या पातळीच्या वर ते जाणार नाही.

खोटं वाटतं? गारखेड्यात कुठं ना कुठं बांधकाम चालू असतंच. गवंडीकाका दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण कशी करतात ते बघा. लांब पारदर्शक नळीत पाणी भरतात. एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी. मधे नळी कशीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. आणि आणखी एक गोष्ट नीट बघा. खूण करण्याआधी ते नळीला टिचक्या मारून आतले बुडबुडे घालवतात. का?

हे घरी करून बघा. चारेक मीटर पारदर्शक नळी आणि एक तांब्याभर पाणी. (पाणी यायच्या दिवशी करा, आदल्या दिवशी केलंत तर आई काय म्हणेल ते मी सांगायला नको.) नळीला मधे उंचवटा द्या, उंटाच्या पाठीवर असतो तसा, आणि पाणी ओता. उंचवट्याच्या माथ्यावर हवा अडकून बसेल आणि दोन्ही टोकांची पातळी जुळणारच नाही. एवढासा बुडबुडा, पण पाण्याला अडवतो! नहरीच्या लांबलचक नळात अशी हवा जागोजागी अडकली, तर शहर तहानलेलं राहणार. म्हणून जुन्या कारागिरांनी नळाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं दगड-चुन्याचे मनोरे बांधले. त्यांना आपल्याकडे बंबे म्हणतात. बंब्यात पाणी उघड्यावर येतं, हवा निघून जाते, पाणी पुन्हा नळात उतरतं. दुसरा फायदा दाबाचा. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. एवढा दाब साचत गेला तर मातीचा नळ फुटायचा. बंबा मधे आला की दाब तिथंच मोकळा होतो. म्हणजे एकच मनोरा दोन कामं करतो आणि बिघाड कुठं झालाय ते शोधायलाही उपयोगी पडतो.

पुढची तीनशे वर्षं या शहराला नहरींचा आधार होता. अंबरनंतर आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची झाली, बेगमपुऱ्यातली थत्ते नहर झाली.

मग असा प्रश्न पडतो, की एवढं मोठं बहामनी राज्य असताना खडकीत नहर का झाली नाही? माझं उत्तर असं. मोठ्या राज्यात सगळा सारा लांबच्या राजधानीकडे जातो. राज्य फुटलं, की राजधानी जवळ येते. अंबरला पळून जायला दुसरा मुलुख नव्हता. जे काय करायचं ते याच कातळावर, याच शेतकऱ्यांच्या जिवावर. म्हणून त्यानं जमिनी मोजून घेतल्या, कस बघून सारा ठरवला. ‘मलिकंबरी’ पद्धत म्हणून ती नंतरही ओळखली गेली. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशा मराठा सरदारांना त्यानं जवळ केलं. समोरासमोर न लढता गनिमी काव्यानं मुघलांना दमवलं. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीच्या लढाईत तर त्यानं तलावाचा बांध फोडला आणि शत्रूची छावणी चिखलात रुतवली. पाण्याची नाडी कळलेला माणूस! त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, आणि त्यांचे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले.

छोट्या राज्यात सगळं छान असतं असंही समजू नका. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि मुघल फौजेनं खडकीची राखरांगोळी केली. पाच वर्षांनी पुन्हा तेच. दोन्ही वेळा शहर परत उभं राहिलं. ज्यांची घरं जळली त्यांना ‘केवढा शूर वजीर’ म्हणून किती समाधान वाटलं असेल, कोण जाणे.

आता तिकडे हांगचौला जाऊ, छ्येन ल्यूच्या गावी. आपली अडचण पाणी कमी, त्याची अडचण पाणी जास्त. हांगचौच्या अंगाला छ्येनथांग नदी आहे. ती ज्या उपसागराला मिळते, त्याचं तोंड सुमारे १०० किलोमीटर रुंद आणि आत शिरावं तसं अरुंद होत जाणारं, थेट नरसाळ्यासारखं. भरतीचं पाणी रुंद तोंडातून शिरतं, पुढे जागा मिळत नाही, मग ते उंच होत जातं आणि पाण्याची भिंत नदीच्या प्रवाहाविरुद्ध उलटी धावत सुटते! जगातली ही सगळ्यांत मोठी भरतीची लाट. कधी कधी ९ मीटरपर्यंत उंच, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. साधारण आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास ती सर्वांत जोरात असते, आणि बघायला आजही लाखो लोक काठावर जमतात. (फार पुढे उभं राहिलं तर ती लाट माणसांना ओढून नेते, हे माहीत असूनही!)

ही लाट काठ खात होती. ९१० साली छ्येन ल्यूनं बांध घालायला घेतला. दिवसा बांधलं की रात्री वाहून जायचं. गोष्ट अशी सांगतात, की राजा चिडला, त्यानं पाचशे तिरंदाज काठावर उभे केले आणि लाटेवर बाण सोडायला लावले. लाट म्हणे घाबरून मागं फिरली. भरती आपल्या वेळेला ओसरतेच, तेव्हा तिरंदाजांची पंचाईत झाली नसावी.

खरी करामत पुढची. कारागिरांनी बांबूचे लांबलचक पिंजरे विणले, त्यात मोठे दगड भरले, ते एकावर एक रचले आणि पुढच्या बाजूला जाड लाकडी खांब ठोकले. सुटा दगड लाटेबरोबर गडगडतो, पिंजऱ्यातला शेजाऱ्यांना धरून राहतो. शिवाय फटी असल्यामुळे पाणी आत शिरतं आणि त्याचा जोर दगडादगडांत विरून जातो. तुम्ही गावाकडे ओढ्यात तारेच्या जाळीत दगड भरलेला बंधारा पाहिलाय? गॅबियन बंधारा. जाळी बांबूऐवजी तारेची, बाकी कल्पना तीच.

छ्येन ल्यूनं आणखी एक केलं. हांगचौच्या सुंदर तळ्यात गाळ साचत होता. त्यानं हजारभर सैनिकांची तुकडी फक्त गाळ आणि पाणवनस्पती काढायला नेमली. सैनिक, पण हातात फावडं! आपल्याकडेही अशी एखादी पलटण हवी होती, असं मला हर्सूलच्या तलावाकडे बघून नेहमी वाटतं.

एका गोष्टीत मात्र दोन्ही राज्यांच्या वाटा वेगळ्या. वू-युएचे राजे उत्तरेला जो सम्राट असेल त्याला नजराणे पाठवत राहिले. शेवटी ९७८ मध्ये छ्येन ल्यूच्या नातवानं सगळं राज्य सोंग सम्राटाच्या हवाली केलं. लढाई नाही, जाळपोळ नाही. हांगचौ शाबूत राहिलं आणि पुढे दीडशेएक वर्षांनी सोंग सम्राटांची राजधानी झालं. अंबर मात्र लढत राहिला.

त्यामुळे मुघल बादशहा जहांगीर त्याच्यावर भयंकर चिडलेला होता. अंबरला समोर कधी गाठता आलं नाही. मग १६१६ च्या सुमारास बादशहाचा चित्रकार अबुल हसन यानं एक चित्र काढलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं डोकं आणि बादशहा त्यावर नेम धरून बाण सोडतोय! हे चित्र आज आयर्लंडच्या डब्लिन शहरातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं वारला, वयाची ७५ वर्षं उलटल्यावर. चित्रातल्या बाणानं त्याचं काहीही वाकडं झालं नाही. छ्येन ल्यूच्या बाणांनी लाटेचं झालं असेल तेवढंच.

अंबर गेल्यावर निजामशाही दहा वर्षांत संपली. खडकीचं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. अंबरची कबर खुलताबादला आहे. जहांगीरचा नातू औरंगजेब, त्याचीही कबर त्याच छोट्या गावात!

गारखेड्याच्या तुमच्या टाकीत येणारं पाणी मात्र नहरीचं नाही. ते नेमकं उलट्या दिशेनं येतं. नहर उत्तरेच्या डोंगरातून खाली उतरायची. आताचं पाणी दक्षिणेकडून, पैठणच्या जायकवाडी धरणातून वर चढतं. भरलेल्या धरणातली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, शहर सुमारे ५६८ मीटरवर. म्हणजे शंभर मीटरचा चढ, तीसेक मजल्यांची इमारत! फारोळ्याला पाणी शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या उंचावर चढवलं जातं आणि तिथून नळांनी आपल्याकडे उतरतं. शेवटचा टप्पा अंबरच्याच पद्धतीचा, पण आधीचा चढ विजेच्या पंपांचा. वीज गेली की पाण्याचा दिवस पुढे का ढकलला जातो, ते आता कळलं असेल.

रविवारी पाणचक्कीला जा. तिथं जमिनीखालून आलेलं पाणी एका उंच भिंतीवर चढतं, वरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर खालचं पातं फिरतं, पात्याबरोबर वरचं जातं. पंप शोधाल तर सापडणार नाही. भिंतीसमोर उभे राहा आणि डोकं चालवा: तेच पाणी भिंतीवर न चढवता, नळ सरळ पात्याशी जोडला असता, तर जातं फिरलं असतं का? आणि फिरलं असतं, तर कारागिरांनी भिंत बांधायचा खटाटोप कशाला केला असेल? बंबे आठवा. उत्तर पोस्टकार्डावर मावतं.